डब्याच्या आतली कल्हई

नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या एका बोळात आमचं जुनं घर होतं. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. दाराशी खड्डा करून भट्टी पेटवायचा, भाता चालवायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर बोळभर पसरायचा. मग कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्याने एक झपाट्याचा हात फिरवला की पितळेचं पिवळं पोट चांदीसारखं उजळायचं. पैसे देण्याआधी आजी ते पातेलं उचलून उजेडाकडे धरायची आणि आत बघायची. बाहेरून डाग राहिला तरी ती काही बोलायची नाही. आतून एखाद्या कोपऱ्यात पितळ दिसलं की भांडं परत भट्टीवर.

तिला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला की कळकतो, हे तिच्या हाताला माहीत होतं. ताक, चिंचेचं सार, आमसुलाची कढी यांना कल्हईचं भांडं, आणि लोणच्याला चिनी मातीची बरणी. पदार्थ चांगला हवा तसं पदार्थ ज्याला टेकतो ते पोटही चांगलं हवं, हा तिचा नियम होता. माझं आजचं सगळं म्हणणं त्या नियमावर उभं आहे.

बाजारात मिळणारा हवाबंद पत्र्याचा डबा म्हणजे कल्हईचंच भांडं आहे. पोलादाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा. पण टोमॅटोसारखी आंबट वस्तू वर्ष-दोन वर्षं आत राहणार असेल तर नुसतं कथील पुरत नाही. आम्ल धातूला खातं, चव बिघडते, पत्र्याला भोक पडू शकतं. म्हणून बऱ्याच डब्यांना आतून आणखी एक लेप देतात. रिकामा डबा धुऊन उजेडात धरला तर तो सोनेरी किंवा पांढरा थर दिसतो. शीतपेयांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनलाही तो असतो. अनेक दशकं या लेपासाठी जगभर सर्वांत जास्त वापरलं गेलं ते इपॉक्सी रेझिन, आणि ते बनतं बिस्फेनॉल ए नावाच्या रसायनापासून. त्यालाच बीपीए म्हणतात.

बीपीए १८९१ साली पहिल्यांदा तयार झालं. १९३६ मध्ये चार्ल्स डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते तपासलं, आणि तपासलं ते इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य म्हणून. स्त्रीच्या शरीरातल्या संप्रेरकाची नक्कल करण्याचा गुण त्यात आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे औषध म्हणून त्याची निवड झाली नाही, त्याहून कितीतरी प्रभावी द्रव्यं सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हेच रसायन प्लॅस्टिक आणि लेपांच्या उद्योगात शिरलं. संप्रेरकासारखं वागतं हे आधी कळलं आणि जेवणाच्या डब्यात ते नंतर गेलं, हा क्रम मला फार अस्वस्थ करतो.

डबा भरून सील केला की तो वाफेच्या दाबाखाली तापवतात, बऱ्याच पदार्थांसाठी १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास. जंतू मारण्यासाठी हे अत्यावश्यकच आहे. पण लेपात न जुळलेलं जे बीपीए शिल्लक असतं, ते याच उष्णतेत अन्नात उतरतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ७५ स्वयंसेवकांनी पाच दिवस रोज एक वाटी डब्यातलं भाज्यांचं सूप घेतलं, आणि दुसऱ्या फेरीत पाच दिवस ताज्या भाज्यांचं. डब्यातल्या सूपनंतर लघवीतलं बीपीए १,२२१ टक्क्यांनी जास्त आढळलं. यावरून लगेच आजाराचं अनुमान काढू नये. मात्र अन्न आणि डबा यांच्यात देवाणघेवाण होते, एवढं तरी यानंतर कुणी नाकारू नये.

किती बीपीए सुरक्षित, यावर शास्त्रज्ञांत खरा मतभेद आहे आणि तो मला लपवायचा नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली होती. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली (एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम होतात). म्हणजे २० हजार पटींनी खाली. कारण दिलं ते रोगप्रतिकारशक्तीवर होणाऱ्या परिणामांचं. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ही कपात टोकाची वाटली, त्यांनी २०० नॅनोग्रॅमचा आकडा सुचवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं तर असं की सध्याच्या प्रमाणात धोका नाही, तरी बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून २०१२ मध्ये आणि बाळाच्या दूध-पावडरीच्या डब्यांच्या लेपातून २०१३ मध्ये त्यांनीही बीपीएची परवानगी काढून घेतली. यातला जर्मनांचा सौम्य आकडा धरला, तरी २०१५ मध्ये जे सुरक्षित म्हणून सांगितलं गेलं त्याच्या विसावा भाग होतो. फ्रान्सने १ जानेवारी २०१५ पासून अन्नाच्या सगळ्याच वेष्टनांतून बीपीए हटवलं. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये तसाच नियम केला, २० जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. बहुतेक वस्तूंना १८ महिन्यांची मुदत दिली, आणि फळं, भाज्या, मासे यांच्या डब्यांना ३६ महिन्यांची. आंबट पदार्थाला टिकेल असा दुसरा लेप शोधणं अवघड आहे, याची ती कबुलीच आहे.

आपल्याकडे या विषयावर बोलायला गेलं की पहिलं उत्तर येतं: आपण कुठे डब्यातलं खातो? घरी रोज नसू खात. पण गंगापूर रोडच्या लॉनवरचं एखादं लग्न बघा. आंब्याचा मोसम नसताना पंगतीत आमरस असतो, फ्रूट सॅलडमध्ये अननसाच्या चकत्या असतात, चायनीजच्या टेबलावर मशरूम आणि बेबी कॉर्न असतं, शेवटी पाकातले गुलाबजाम. यातलं कितीतरी तीन-तीन किलोच्या डब्यांतून येतं. घरच्या फ्रीजमध्ये कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा असतो, पोरांच्या हातात शीतपेयाचा कॅन असतो.

माझ्या भाचीचं डोहाळजेवण जानेवारीत होतं. आमरस तिच्या आवडीचा, म्हणून केटररला मुद्दाम सांगितलेला. काही कामानिमित्त मी मागच्या बाजूला गेले, तर आचाऱ्याचा पोऱ्या डबे फोडत होता. दोन डब्यांना चांगले मोठे पोचे आलेले. पोचा आला की आतला लेप तडकलेला असू शकतो. आदल्या दिवशीचा उरलेला रस त्याच उघड्या डब्यात ठेवलेला होता. मी काही बोलायच्या आत पोऱ्या म्हणाला, ‘मावशी, माल चांगला आहे, तारीख बघून घ्या.’ त्याचं चुकत नव्हतं. तारीख होती, घटक होते, साखर किती तेही होतं. आतून काय लावलंय, हे कुठेच नव्हतं.

मी डब्यावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला. तीन वेळा कॉल दुसरीकडे वळवला गेला आणि शेवटी एक वाक्य मिळालं: ‘मॅडम, आमचं पॅकेजिंग फूड ग्रेड आहे.’ लेप इपॉक्सीचा आहे का, या प्रश्नाला पुन्हा तेच वाक्य. नेमकी गोष्ट अशी की काही फळांच्या डब्यांत आतला बराचसा भाग मुद्दाम बिनलेपाचा, नुसत्या कथलाचा ठेवतात, कारण त्याने फळाचा रंग उजळ राहतो. भाचीच्या पानात वाढलेल्या रसाला कदाचित बीपीए शिवलंही नसेल. शिवलंही असेल. सात महिन्यांच्या गरोदर बाईला हे कळायचा काही मार्ग नव्हता, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

‘फूड ग्रेड’ हा शब्द आपण आशीर्वादासारखा घेतो. त्याच्या मागे काय असतं ते बघू. आपल्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकच्या वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची मिळून एक मर्यादा आहे, किलोला ६० मिलिग्रॅम. ही मर्यादा गरजेची आहे, पण ती एकूण वजन मोजते. उतरलेला कण निरुपद्रवी मेणाचा आहे की संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या द्रव्याचा, हे तिला कळत नाही. ६० मिलिग्रॅम म्हणजे ६ कोटी नॅनोग्रॅम. युरोपच्या नव्या आकड्याने २० किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा होते ४ नॅनोग्रॅम. हे दोन आकडे वेगवेगळ्या कामांसाठी आहेत हे मला मान्य आहे. पण म्हणूनच पहिल्या आकड्यात बसलेला माल दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे करता येत नाही. डबाबंद अन्नात कथील किती चालेल हे आपला कायदा नावानिशी सांगतो, किलोला २५० मिलिग्रॅम. जे कथलाच्या बाबतीत जमलं ते लेपाच्या बाबतीतही जमायला हवं.

मग करायचं काय? डब्यावर एक ओळ छापायची: आतला लेप अमुक. इपॉक्सी असेल तर इपॉक्सी, पॉलिएस्टर असेल तर पॉलिएस्टर, काहीच नसेल तर नुसतं कथील. शाकाहारी पदार्थाला हिरवा ठिपका हवा असं या देशाने ठरवलं आणि आज बिस्किटाच्या छोट्या पुड्यावरही तो दिसतो. खाणाऱ्याच्या श्रद्धेला जो मान दिला तो त्याच्या प्रकृतीलाही मिळावा.

अशा मागणीला ‘हे श्रीमंत देशांचे चोचले’ म्हणणाऱ्यांना मी आपल्या द्राक्षांची आठवण करून देईन. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला आपल्याकडे वापरलं जाणारं हे संजीवक, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात. कंटेनर बंदरांत अडकले, निफाड-दिंडोरीच्या अनेक घरांचं वर्ष बुडालं. त्यानंतर या जिल्ह्याने जे शिकून घेतलं त्याचा मला अभिमान वाटतो. आज पिंपळगावच्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी ‘रेसिड्यू’ (औषधाचा उरलेला अंश), ‘एमआरएल’ (त्या अंशाची कमाल मर्यादा), ‘पीएचआय’ (शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर) हे शब्द कानावर पडतात. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय माल हलत नाही. कुठल्या पेटीतला घड कुठल्या बागेतला, हे सांगता येतं. कमी शिकलेला शेतकरीसुद्धा दशलक्षात एक भाग या मापात विचार करू लागला, कारण समोरच्या गिऱ्हाइकाने तसा आग्रह धरला.

रॉटरडॅमच्या मुलाच्या ताटासाठी आपण हे सगळं करतो आणि करायलाच हवं. मग सिडकोतल्या, सातपूरच्या, सिन्नरच्या मुलाच्या ताटासाठी त्याचा दहावा भागही मागायचा नाही? वेलीवर मारलेल्या औषधाचा हिशेब ठेवणारा जिल्हा डब्याच्या पोटाला लावलेल्या लेपाचा हिशेब मागू शकतो. ही भाषा आपल्याला येते. युरोपात माल पाठवणाऱ्या आपल्या प्रक्रिया उद्योगांना नव्या नियमाप्रमाणे लेप बदलावाच लागणार आहे. तोच डबा इथल्या दुकानातही यावा, निर्यातीला एक आणि घरच्यांना दुसरा असं होऊ नये.

उद्योगाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. लेप काढून टाका असं कुणी म्हणत असेल तर ते घातक आहे. सील आणि लेप नीट नसेल तर डब्यात जीवघेणे जंतू वाढू शकतात, आणि तो धोका तत्काळचा असतो. दुसरा मुद्दा खर्चाचा. ईडन फूड्स या अमेरिकी कंपनीने १९९९ पासून कडधान्यांच्या डब्यांना वनस्पतिजन्य तेल-राळेचा जुन्या पद्धतीचा लेप वापरायला सुरुवात केली. डबा महाग पडला, पण जमलं. टोमॅटोला मात्र तो लेप चालला नाही, आम्लापुढे टिकला नाही. पुन्हा आजीचीच गोष्ट. तरीही वाट बंद नाही. जपानच्या डबा उद्योगाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःहून लेप बदलत नेले, पत्र्यावर पॉलिएस्टरची फिल्म चढवण्याचं तंत्र वापरलं. काच आहे, निर्जंतुक कार्टन आहे.

यातला सगळ्यात गंभीर आक्षेप तिसरा आहे. बीपीए काढून त्याच्या जागी बिस्फेनॉल एस किंवा एफ आणलं, तर डब्यावर ‘बीपीए-फ्री’ छापता येतं आणि शरीरात जवळपास तसंच वागणारं द्रव्य जात राहतं. हे घडलेलं आहे. म्हणूनच ‘अमुक नाही’ एवढ्या पाटीवर माझं समाधान होत नाही. काय नाही ते सांगण्यापेक्षा काय आहे ते सांगा.

घरापुरतं करता येण्यासारखं थोडं आहे, तेही सांगते. गरोदर बाई आणि तान्हं मूल असलेल्या घरात डब्यातलं कमी आणावं. डबा उघडला की उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावं. डबा तसाच गॅसवर किंवा गरम पाण्यात ठेवू नये. पोचे आलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आणि डब्याच्या पलीकडचं एक, कारण नाशिककरांची ती रोजची सवय आहे: मिसळीचा उकळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणू नये. त्या पिशवीत बीपीए असेलच असं नाही, पण तापलेलं तेल आणि तिखट प्लॅस्टिकमधून काय काय ओढून घेतं याचा तिथेही कुणी हिशेब देत नाही. स्टीलचा डबा घेऊन गेलं तर कुठलाही मिसळवाला आनंदाने भरून देतो, मी अनेक वर्षं नेते. याचा उपयोग होतो का? होतो. बीपीए शरीरात साठून राहत नाही, काही तासांत बाहेर पडतं. २०११ मध्येच अमेरिकेत पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस डबे आणि प्लॅस्टिक टाळून ताजं अन्न दिलं, तर त्यांच्या लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं.

पण या सल्ल्यांपाशी थांबणं मला अन्याय वाटतो. ‘टाळा, तपासा, काढून ठेवा’ हे सगळं शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतं? घरातल्या बाईच्या. अंबडच्या कारखान्यातून दहा तासांची पाळी करून आलेल्या आईने संध्याकाळी डब्याच्या लेपाचा अभ्यास करावा ही अपेक्षा मी करणार नाही. आणि लग्नाच्या पंगतीत, वसतिगृहाच्या खानावळीत, हॉटेलात तर तिच्या हाती डबाच येत नाही. तिथे फक्त कायदा पोहोचू शकतो.

तो कायदा आता हालचाल करतो आहे. बाळाच्या प्लॅस्टिकच्या दूधबाटल्यांतून बीपीए हटवण्याचं मानक आपल्याकडे आधीपासून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पॅकेजिंग नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला. अन्नाला टेकणारं पॉलिकार्बोनेट (बीपीएपासून बनणारं कडक प्लॅस्टिक) आणि इपॉक्सी रेझिन बीपीए आणि त्याच्या डेरिव्हेटिव्ह्जपासून, म्हणजे त्यापासून बनणाऱ्या द्रव्यांपासून, मुक्त असावं, असं त्यात म्हटलं आहे. ‘त्याच्या डेरिव्हेटिव्ह्जपासून’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात आणि अंतिम नियमात ते राहिलेच पाहिजेत. त्याच्या जोडीला लेपाचं नाव डब्यावर यावं, आणि घाऊक तीन किलोचे डबेही त्यातून सुटू नयेत. हॉटेल आणि केटररला जाणारा माल म्हणून त्यांना सवलत दिली, तर पंगतीत बसलेली माझी भाची पुन्हा बाहेरच राहील.

आणि कायद्याची वाट न बघता नाशिकला करता येईल अशी एक गोष्ट समोर उभी आहे. २०२७ च्या सिंहस्थात गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवर, साधुग्रामात, त्र्यंबकला अन्नछत्रं चालतील. महिनोन्महिने लाखो पानं उठतील. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, आणि त्याच सुमाराला गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढू लागते. वीस किलोच्या जाळीला तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून रस्त्यावर ओतलेला टोमॅटो या जिल्ह्याने पाहिला आहे. त्याच रस्त्याने ट्रकमधून डबाबंद प्युरी अन्नछत्रांत जाणार असेल तर ते शेतकऱ्याच्याही हिताचं नाही आणि जेवणाऱ्याच्याही. प्रशासनाने आणि आखाड्यांनी अन्नाच्या खरेदीत दोन अटी घालाव्यात: टोमॅटो ताजा आणि जिल्ह्यातला घ्यावा, आणि जे डबाबंद घ्यावंच लागेल त्याच्या पुरवठादाराने आतल्या लेपाचं नाव लेखी द्यावं. खरेदीदार म्हणून अशी अट घालायला नव्या कायद्याची गरज नाही. युरोपातल्या दुकानदारांनी आपल्या बागायतदारांना अशीच घातली होती.

लेखी उत्तर आलं की ते अन्नछत्राच्या दाराशी लावावं. पंगतीला येणाऱ्या एखाद्या म्हातारीला ते वाचता येणार नाही, तिच्या नातीला येईल.